सूर्यावरचं वादळ आणि रायगडची सुई : दीडशेहून जास्त वर्षांच्या नोंदी आजही कामाला येतात

पनवेल : "सूर्यावर वादळ आलंय, आज रात्री मोबाइल बंद ठेवा" असा मेसेज अधूनमधून गावागावातल्या ग्रुपवर फिरतो. त्यात खरं किती आणि खोटं किती, हे कळायला लांब जायची गरज नाही. या विषयावर काम करणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलमध्येच आहे. तिची वेधशाळा आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला आहे.

आधी समज काय होती?

सूर्य उगवतो आणि मावळतो, म्हणजे तोच पृथ्वीभोवती फिरतो, असं माणसाला हजारो वर्षं वाटत होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असं आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मधोमध ठेवला. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चंद्र दिसले. सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, हे त्यातून दिसलं. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडलं.

तरीही एक समज कायम राहिली. सूर्य आपल्याला उजेड, ऊब आणि ओढ देतो, बाकी मधली जागा रिकामीच, असं मानलं जायचं. ही समज बदलायला जी नोंद उपयोगी पडली, ती मुंबईत झाली.

कुलाब्याची वेधशाळा

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याला वेधशाळा बांधली. (रायगडचं जुनं नावही कुलाबा जिल्हाच, पण ही वेधशाळा मुंबईतली.) १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तिथे नोकरी केली.

पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक. म्हणून होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. पण नाजूक उपकरणाने पाहिलं तर हे चुंबकत्व दिवसभर थोडं कमी-जास्त होत असतं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. कर्मचारी घड्याळ बघून ठरल्या वेळी डोळ्यांनी आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ अचानक लखलखाट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकलं. काही ठिकाणी तारखात्याच्या तारांमध्ये आपोआप वीज खेळू लागली. क्युबासारख्या उष्ण भागातही रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला.

कुलाब्याला तेव्हा दिवस होता. कर्मचारी नोंदी घेत राहिले आणि आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं वहीत उतरलं. आपल्या भागातलं चुंबकीय बल साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला धरलं, तर ही चार टक्क्यांची घसरण झाली.

तरी शास्त्रज्ञांना लगेच पटलं नाही. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी सूर्याचा आणि अशा वादळांचा संबंध नाकारला होता. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, असं मांडलं. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने त्याची खात्री केली. मधली जागा रिकामी नाही, तिथून सूर्याचा वारा वाहतो आणि त्यात वादळंही येतात, हे तेव्हा पक्कं झालं. २००३ मध्ये भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लाखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी परदेशी शास्त्रज्ञांसोबत कुलाब्याची जुनी नोंद पुन्हा अभ्यासून जगापुढे आणली.

अलिबागच का?

मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने सुई बिघडणार होती. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस होते. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरून ती बांधली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा. त्यामुळे ही नोंद तुटली नाही. भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली.

मग मोबाइल बंद ठेवायचा का?

नाही. सौर वादळाने खिशातला फोन जळत नाही आणि माणसाला जमिनीवर इजाही होत नाही. धोका असतो तो लांबलचक वीजवाहिन्यांना, उपग्रहांना आणि जीपीएसला. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अशाच वादळाने सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. आपल्याकडे समुद्रात जाणाऱ्या होड्या जीपीएसवर चालतात. मोठ्या वादळात ते ठिकाण चुकीचं दाखवू शकतं, म्हणून अशा वेळी सोबत होकायंत्र आणि किनाऱ्याच्या ओळखीच्या खुणा हव्यात.

आता लक्ष ठेवायला भारताचं आदित्य-एल१ यान आहे. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या जागी पोहोचलं. पण आजचं वादळ किती मोठं, हे ठरवायला कालचे आकडे लागतात. ते कुलाबा आणि अलिबागच्या नोंदींत आहेत. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर तो पुढे ढकलण्याआधी एवढं आठवावं.