मालात हवा किती?

दिवाळीच्या आगेमागे वाशिमच्या बाजार समितीत उभं राहिलं की एक शब्द सारखा कानावर पडतो. व्यापारी सोयाबीनच्या ढिगात हात खुपसतो, मूठभर दाणे छोट्या यंत्राच्या वाटीत टाकतो, आकडा बघतो आणि म्हणतो, "हवा चौदा." शेतकरी म्हणतो, "बारा धरा ना, कालच वाळवलं." हवा, माती आणि डागी या तीन आकड्यांवर भाव वर-खाली होतो. यंत्र मोजतं ते मात्र दाण्याच्या पोटातलं पाणी. पाण्याला हवा म्हणणारी ही बोली मला बरीच वर्षं नुसती गमतीची वाटायची. ती किती नेमकी आहे, हे कळलं वहिनीच्या स्वयंपाकघरामुळे.

रिसोड रस्त्याला दादाचं घर बांधकामावर आहे. वहिनीनं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी घराचा फोटो पाहिला होता. स्वयंपाकघराला लागून चिंचोळी खोली, एका भिंतीला छतापर्यंत डबे-बरण्या, समोर कपडे धुण्याचं मशीन आणि वर कपडे वाळवायची दांडी. कोठीची खोली आणि धुण्याची जागा एकाच दाराआड. मिस्तरीनं आठ बाय सहाचा चौकोन फक्कीनं आखूनही टाकला. आईनं त्या रेघा पाहिल्या नि विचारलं, "काहून व माय, धान्याच्या खोलीत धुनं धुशीन?" वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्हीच सांगा आता." सांगता यावं म्हणून वाचायला बसलो आणि आठवडाभर त्या आठ बाय सहामध्येच अडकून पडलो.

आई जुन्या वळणाची म्हणून बोलते, असं आधी वाटलं. पण जुनं घर आठवलं तर तिथंही ही दोन्ही कामं एकाच छपराखाली होती. आमच्या गावच्या घरात सैपाकघराच्या कोपऱ्यात न्हाणी होती. बुटका कठडा, फरशीला उतार, भिंतीत एक भोक. आंघोळ तिथंच, भांडी तिथंच, झडीच्या दिवसांत धुणंही तिथंच. पुण्या-मुंबईकडची मोरी ती हीच. दुसऱ्या टोकाला माजघरात शेणामातीनं लिंपलेल्या कणग्या आणि भिंतीच्या पोटात बळद. या दोघांच्या मधे चूल. नकाशा कुणी काढला नव्हता, पण ओल एका टोकाला, दाणा दुसऱ्या टोकाला आणि मधे दिवसातून दोनदा पेटणारा जाळ, असा हा बंदोबस्त होता. तापलेली हवा धुराड्यातून वर जायची आणि ओल सोबत घेऊन जायची.

न्हाणी आता घरातून गेली, पण तिचं नाव फार लांब पोचलं. फरशीखाली सांडपाण्याच्या वाटेवर बसवतात त्या वाटीला देशभरचे प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या वाटीत दोन-तीन बोटं पाणी सतत साचून राहतं आणि तेवढं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. पाण्याचं दार! आमच्याकडच्या मे महिन्यात न वापरलेल्या न्हाणीतलं हे पाणी उडून जातं, दार आपोआप उघडतं आणि लोक वास कुठून येतो म्हणून घरभर उंदीर शोधत बसतात.

शहरातल्या फ्लॅटात न्हाणीचा अवतार म्हणजे ड्राय बाल्कनी. मशीन, मोलकरणीची भांडी, ओलं फडकं, पोछा, सगळं तिथंच. घरातल्या सर्वांत ओल्या जागेला हे नाव कुणाला सुचलं असेल, देव जाणे.

आता मूळ गोष्ट. गहू आणि वहिनीची सुती साडी यांचं रक्ताचं नातं आहे. गव्हातलं पीठ म्हणजे स्टार्च, साडीचा धागा म्हणजे सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. फरक फक्त कड्या एकमेकींत कशा अडकवल्या याचा. स्टार्चची कडी आपलं पोट सोडवू शकतं, सेल्युलोजची नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना दोन्ही येतात, म्हणून वाळत घातलेलं धोतर ती निवांत चघळत उभी राहते आणि तिला ओरडणारे आपणच वेडे ठरतो.

या दोन्ही साखळ्यांना पाण्याची भारी ओढ. आपण ज्याला कोरडं म्हणतो ते खरं कोरडं कधीच नसतं. नेहमीच्या हवेत वाळलेल्या सुती शर्टाच्या वजनात साधारण ७ ते ८ टक्के पाणी असतं. १२ टक्के हवेचा ५० किलोचा सोयाबीनचा कट्टा उचललात तर त्यात ६ लिटर पाणी तुम्ही फुकटच उचललं. आणि हे पाणी एका जागी बसून राहत नाही. दाणा भोवतालच्या हवेशी सारखी देवाणघेवाण करत असतो. हवा कोरडी झाली की तो पाणी सोडतो, दमट झाली की ओढून घेतो, दोघांचा तोल जमेपर्यंत. ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत गहू बराच काळ उघडा ठेवला तर तो १४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. त्याच्या पुढं बुरशीचं राज्य सुरू होतं. म्हणजे दाण्यातलं पाणी हा भोवतालच्या हवेनं दाण्यात लिहून ठेवलेला आकडा असतो. बाजार समितीतला माणूस त्याला हवा म्हणतो ते उगीच नाही.

एवढं कळल्यावर मशीनकडे पाहिलं. मिनिटाला १४०० फेरे घेत मशीन कपडे पिळतं तेव्हा पाव मीटर त्रिज्येच्या त्या ड्रमच्या भिंतीवर गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पटींहून जास्त जोर लागतो. २० ग्रॅमचा ओला हातरुमाल त्या घडीला १० किलोच्या पोत्यासारखा भिंतीवर दाबला जातो. इतका पिळा दिल्यावरही ५ किलो सुती कपड्यांत अंदाजे अडीच लिटर पाणी उरतंच. धाग्यांच्या मधल्या केसाहूनही बारीक फटींत ते असं चिकटून बसतं की ५०० पट जोरालाही दाद देत नाही.

हे अडीच लिटर वरच्या दांडीवरून कुठं जाणार? आठ बाय सहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साडेतेरा घनमीटर हवा. ३० अंशांना ही सगळी हवा तुडुंब भरली तरी तिच्यात ४०० ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. ऑगस्टात ती आधीच ८० टक्के भरलेली असते, म्हणजे जागा उरली जेमतेम ८० ग्रॅमची. एका चहाच्या कपाएवढीच. त्या कपात अडीच लिटर ओतायचे! उरलेलं पाणी मग भिंतीत शिरतं, झाकणाखाली जमतं आणि तोंड उघडं राहिलेल्या कट्ट्यातल्या तुरीत जातं. आई याला एका वाक्यात "दाना सादळते" म्हणते. मला गणित करावं लागलं.

पण आईची बाजूही पुरती जिंकत नाही. मशीनच्या पोटातलं पाणी नळीतून येतं, नळीतून जातं, दार बंद असतं. त्याचा दाण्याला काही त्रास नाही. भांडण आहे ते दांडीशी. धुणं म्हणजे एक काम नाहीच मुळी. ओलं करणं, वाळवणं आणि घडी-इस्त्री अशी ती तीन कामं आहेत आणि त्यांतलं फक्त मधलं धान्याच्या मुळावर येतं. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर रचलं, ते पुढं सुमारे १०,००० घरांत बसलं. सव्वासहा फूट बाय अकरा, वहिनीच्या खोलीच्या जेमतेम दीडपट. त्यात भिंतीला बिजागरीनं लावलेली इस्त्रीची फळी होती. पिठाचे खण होते ओक लाकडाचे, कारण ओकमधलं टॅनिन किड्यांना सोसत नाही. कणगीत कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आमच्या आजीला हे खण बघता आले असते तर तिनं मान डोलावली असती.

खरं तर कोठी आणि धुणं यांचं येणंजाणं जुनंच. भाताची पेज गाळून लुगड्याला खळ द्यायची, म्हणजे एका ग्लुकोजच्या साखळीवर दुसऱ्या साखळीचं अस्तर. चुलीची राख भांड्यांना, कपड्यांना आणि बियाण्याच्या गाडग्यातही. कारंजा-वाशिमकडच्या जुन्या ब्राह्मणी घरांत सोवळं उंच दांडीवर वाळायचं, काठीनं चढवायचं नि काठीनंच उतरवायचं. त्यामागचा विटाळाचा हिशेब मला कधी पटला नाही. पण छताजवळची हवा घरात सगळ्यांत तापलेली असते आणि कापड तिथंच लवकर वाळतं, एवढं श्रेय त्या काठीला द्यायला हवं.

आणखी एक वैर आहे, वासाचं. पावडरचा सुगंध डब्याबाहेर थांबतच नाही. सुवासाचे रेणू तेलात सहज विरघळतात आणि तीळ, शेंगदाणे, खोबरं ही तर तेलाची भांडारंच. चमेलीचं तेल करणारे याचाच फायदा घेतात. तीळ आणि ताजी फुलं यांचे थरावर थर द्यायचे, फुलं कोमेजली की बदलायची आणि सुवास प्यालेले तीळ मग घाण्यात घालायचे. वहिनीनं तिळाची बरणी पावडरच्या पुड्याशेजारी ठेवली तर संक्रांतीच्या लाडवांना धुतलेल्या चादरीचा वास येईल. मशीनच्या वरच्या फळीवर चिवडाही नको. पिळ्याच्या हादऱ्यानं मोठे तुकडे वर आणि बारीक खाली जातात, मग शेंगदाणे पहिल्या हाताला आणि मीठ-मसाला शेवटच्याला.

तुरीच्या डाळीला आई एरंडेल चोळते. भुंगा दाण्यावर अंडं चिकटवतो आणि त्या अंड्याला श्वासासाठी बारीकसं छिद्र असतं. तेलाचा पातळ पापुद्रा ते बुजवतो आणि अंडं आतल्या आत गुदमरतं. औषध म्हणावं तर विष नाही, पहारा म्हणावं तर रखवालदार नाही. इतकं साधं काही मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

मधल्या काळात 'पँट्री' या शब्दाचंही मूळ पाहिलं. लॅटिनमध्ये पाव म्हणजे 'पानिस', त्यावरून फ्रेंचमार्गे पँट्री, पावाची खोली. तोच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पांव' होऊन गोव्यात उतरला आणि आपला पाव झाला. वहिनी खोलीला पँट्री म्हणते, दादा कोठी. दोघांनीही वडापावला हात लावताना नातं ओळखायला हरकत नाही.

तर निकाल. वाशिमला वरुणराजा चार महिने मुक्कामाला असतो. उरलेले आठ महिने आमची हवा हाच फुकटचा ड्रायर. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून खाली. गच्चीवरचं जीनचं कापडही तासा-दोन तासांत खणखणीत. म्हणून दांडी गच्चीवर गेली आणि पावसाळ्यापुरती मागच्या पडवीत. मशीन खोलीतच राहिलं, पण दाराच्या उलट टोकाला, बाहेरच्या भिंतीशी, तिथंच वर एक्झॉस्ट पंखा. हवा दाराखालच्या फटीतून आत यावी, आधी डब्यांवरून, मग मशीनवरून आणि थेट बाहेर. उलट दिशेनं आली तर सगळं मुसळ केरात. कडप्प्याच्या फळ्या भिंतीपासून चार बोटं सुट्या, पावडर आणि ब्लीच सगळ्यांत खालच्या खणात, म्हणजे सांडलं तरी पिठावर सांडणार नाही. आणि धान्य उन्हाळ्यातच ऊन दाखवून, दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवून, घट्ट झाकणाच्या कोठीत. झाकण खरंच घट्ट असेल तर आत दाण्याचं स्वतःचं हवामान तयार होतं, बाहेर झड लागली काय नि नाही काय. ओला दाणा असा कोंडला तर मात्र तो श्वासातून आणखी पाणी आणि उष्णता सोडतो आणि स्वतःला कुजवतो.

हे सगळं मी रेतीच्या ढिगावर बसून मिस्तरीला समजावलं. जोशात येऊन शेवटी हेही सांगितलं की गॅस जळला की पाणीच तयार होतं, किलोमागं दीड किलोहून जास्त. एक भरलेलं सिलिंडर संपेस्तोवर स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटर पाणी सोडून जातं. चुलीला धुराडं होतं, शेगडीला नाही, म्हणून ओट्यावरही चिमणी हवी.

मिस्तरीनं विडी विझवली, फक्कीच्या रेघांकडे बघितलं आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय भाऊ. पन मंग सिलिंडर कुठी ठेवाचं?"