शेतात हरळी, देवघरात दूर्वा

कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंबा तलाव आहे. शहराला पाणी मिळावे म्हणून तो संस्थानकाळात बांधला गेला. पावसाळ्यात त्याच्या बाजूच्या उतारावरचे पाणी पाहा. उघड्या जमिनीवरून येणारे पाणी गढूळ, तर गवतातून येणारे बरेच नितळ असते. गढूळ पाण्यातली माती तळाशी बसते आणि तलावात पाण्याची जागा तेवढी कमी होते. शाळेच्या उतरत्या आवारातूनही माती अशीच वाहून जाते.

मग जमीन झाकायला काय लावावे? रोपवाटिकेत पिवळ्या फुलांचा वेडेलिया सहज मिळतो. पण तो मूळचा अमेरिका खंडातला. ओलसर जागी पसरला की इथल्या वनस्पतींना तो दाबून टाकतो. पाणवठ्याजवळ तो नकोच. आम्ही सुचवतो ती आपली हरळी, म्हणजेच दूर्वा.

हरळीची खोडे जमिनीवरून सरपटतात आणि जमिनीखालूनही पसरतात. प्रत्येक पेराला मुळे फुटू शकतात. त्यामुळे मातीवर जणू जाळेच विणले जाते. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी खालचे खोड जिवंत राहते. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवे कोंब येतात.

मुलांना हे करून पाहू द्या. हरळीचे पेर असलेले पाच तुकडे आणि दोन पेरांमधले पाच तुकडे वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. माती ओली ठेवा. दोन आठवड्यांनी कोणत्या कुंडीत कोंब दिसतात?

लागवडही अशीच करायची. जूनमध्ये पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावा. मुळे धरेपर्यंत त्यांवर पाय पडू देऊ नका. पुढे अधूनमधून कापणी केली की पुरे. मात्र हरळीला ऊन हवे. झाडाच्या सावलीत, ओल्या जागी मंडूकपर्णी लावा. तीही पेरांना मुळे फुटून पसरते.

आवाराला लागून शेत असेल तर मात्र हरळी लावू नका. नांगराने तिचे तुकडे झाले की प्रत्येक पेरातून नवे रोप उठते. म्हणून तर शेतकरी तिला खणून काढतो. जो गुण उतारावर माती धरतो, तोच शेतात डोकेदुखी ठरतो. वनस्पती तीच, फरक जागेचा. मग तण कशाला म्हणायचे? वर्गात विचारून पाहा.