विश्लेषण : फॉन्डन्ट लाटायचा कशावर? ग्रॅनाइटचा ओटा, सिलिकॉन मॅट की घरातला पोळपाट?

वाशी, नेरुळ, खारघरपासून उलव्यापर्यंत नवी मुंबईतील अनेक स्वयंपाकघरांत आता पोळ्यांच्या जोडीने केकच्या ऑर्डरीही तयार होतात. त्यात सर्वांत किमती आणि सर्वांत जोखमीचा केक असतो तो फॉन्डन्टचा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा, साखरपुड्याचा, बारशाचा. केक छान फुगतो, पण ऐन वेळी फॉन्डन्ट ओट्याला चिकटतो, उचलताना फाटतो, नाहीतर कडेला भेगा पडतात. आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि संध्याकाळी सात वाजता केक पोहोचायचा असतो. अशा वेळी दोष फॉन्डन्टच्या पाकिटाला दिला जातो. पण बरेचदा खरे कारण त्याच्या खाली असते. फॉन्डन्ट ज्यावर लाटला, तो पृष्ठभाग.

फॉन्डन्ट म्हणजे नेमके काय?

फॉन्डन्ट म्हणजे साखरेची कणीक. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडी स्निग्धता आणि हे सारे बांधून ठेवणारा जिलेटीन किंवा डिंकासारखा घटक, असे त्याचे स्वरूप असते. घरी करणारे अनेक जण मार्शमेलो वितळवून त्यात पिठीसाखर मळतात. साखरेची नाजूक जाळी आणि नक्षी असलेला प्रत्येक केक मात्र फॉन्डन्टचा नसतो. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी मिलान कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची खाद्य प्रतिकृती साकारली, ती रॉयल आयसिंगमध्ये. रॉयल आयसिंग कोनातून काढतात, फॉन्डन्ट लाटतात.

पोळीची कणीक आणि फॉन्डन्ट यांत दोन मोठे फरक आहेत. कणकेत ग्लुटेन असते. त्यामुळे पोळी पोळपाटाला जराशी चिकटली, ताणली गेली तरी सावरते. फॉन्डन्टमध्ये ग्लुटेन नसते, त्यामुळे तो जिथे चिकटतो तिथेच फाटतो. दुसरा फरक आरोग्याचा. पोळी लाटल्यावर तव्यावर भाजली जाते. फॉन्डन्ट जसा लाटला तसाच केकवर चढतो आणि तसाच मुलांच्या पोटात जातो. म्हणजे ओट्यावर जे काही असेल, तेही त्याच्याबरोबर जाते.

नवी मुंबईच्या हवेत अडचण काय?

साखर हवेतला ओलावा ओढते. शुद्ध साखर २५ अंश सेल्सियस तापमानाला साधारण ८५ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतील पाणी शोषून विरघळू लागते. त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन मिसळले की ही मर्यादा आणखी खाली येते. ठाणे खाडीच्या काठावर वसलेल्या या शहरात जून ते सप्टेंबर आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे पावसाळ्यात फॉन्डन्ट नुसता उघडा ठेवला तरी तो चिकट होऊ लागतो.

यावर उपाय म्हणून एसी लावला जातो आणि तो योग्यच आहे. एसी हवा थंड करतो, तसा तिच्यातील ओलावाही काढतो. पण इथे एक चूक सर्रास होते. बाहेरची हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेतील बाष्पाचे सुमारे २६ अंशांना पाणी होते. एसीने ओटा २४ अंशांपर्यंत थंड झाला असेल आणि मध्येच खिडकी उघडली, तर ओल्या हवेतील बाष्प थेट ओट्यावर बसते. थंड बाटलीला जसा घाम फुटतो, तसा. डोळ्यांना न दिसणारा हा पातळ थरही फॉन्डन्ट चिकटवायला पुरेसा असतो. म्हणून लाटायला घेण्याआधी अर्धा तास एसी सुरू करून दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि फॉन्डन्ट केकवर चढेपर्यंत उघडू नयेत.

पंख्याचा किंवा एसीचा थेट झोतही नको. त्याने फॉन्डन्टचा वरचा थर सुकतो, आतला मऊ राहतो आणि केकच्या कडेवर हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात.

लाटायला जागा किती लागते?

पृष्ठभाग कोणता, याआधी तो केवढा, हा प्रश्न आहे. हिशेब सोपा आहे. केकचा व्यास, अधिक उंचीची दुप्पट, अधिक दोन इंच. आठ इंच व्यासाचा आणि चार इंच उंचीचा केक असेल, तर ८ अधिक ८ अधिक २, म्हणजे १८ इंचांची पोळी लाटावी लागते. सहा इंची केकलाही तेवढ्याच उंचीसाठी १६ इंच लागतात. तीन ते चार मिलिमीटर जाडीची १८ इंची पोळी करायला साधारण पाऊण किलो फॉन्डन्ट लागतो.

स्वयंपाकाचा ओटा साधारण दोन फूट रुंद असतो. कागदावर १८ इंचांची पोळी त्यात बसते. पण सिडकोच्या जुन्या, लहान घरांत ओट्यावर एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला सिंक आणि मधे मिक्सर असतो. सलग मोकळी जागा दीड फूटही उरत नाही. मग लाटणे भिंतीवर आपटते, पोळी एका बाजूने जाड राहते. अशा घरात ओट्याचा हट्ट सोडून डायनिंग टेबलाचा विचार केलेला बरा.

ग्रॅनाइट, कडप्पा की संगमरवर?

दगडाची मोठी जमेची बाजू म्हणजे तो उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगाने वाहून नेतो. हाताच्या उबेने आणि मळण्याने फॉन्डन्ट मऊ पडत जातो. दगड ती ऊब शोषून घेतो. शिवाय दगड जड असल्याने लाटताना हलत नाही.

तिन्ही दगडांत पॉलिश केलेला ग्रॅनाइट सर्वांत सोयीचा. तो कठीण असतो आणि लिंबू-व्हिनेगरने खराब होत नाही. संगमरवर आणि जुन्या घरांत दिसणारा कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की त्यांचे पॉलिश जाते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. तो खडबडीतपणा पांढऱ्या फॉन्डन्टवर जसाच्या तसा उमटतो. कडप्प्याचे पॉलिश शाबूत असेल तरच त्यावर थेट लाटावे, नाहीतर वर मॅट अंथरावी.

ग्रॅनाइटच्या ओट्यावरही दोन गोष्टी पाहाव्यात. दोन लाद्यांचा सांधा पोळीच्या मधे येतो का? येत असेल तर त्याची रेघ फॉन्डन्टवर उठते. आणि ओटा सपाट आहे का? स्टीलची पट्टी उभी धरून ओट्यावर फिरवावी. पट्टीखालून उजेड दिसला, तर तिथे खळगा आहे.

ओटा नसेल, तर मार्बलच्या दुकानात उरलेले ग्रॅनाइटचे तुकडे मिळतात. मात्र दोन फूट बाय दोन फूट आणि १८ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचे वजन सुमारे साडेसतरा किलो भरते. तो रोज काढून-ठेवून वापरता येत नाही. त्याची कायमची जागा ठरवूनच तो आणावा आणि कडा घासून गोल करून घ्याव्यात.

स्टील, काच आणि सनमाइका चालते का?

स्टीलचे टेबल स्वच्छ करायला सर्वांत सोपे आणि व्यावसायिक बेकरीत तेच दिसते. पण स्वस्त टेबलाचा पत्रा पातळ असतो. लाटण्याच्या दाबाने तो मधे दबतो आणि पोळी असमान होते. घेताना तळहाताने मधोमध जोर देऊन पाहावा.

काच अत्यंत गुळगुळीत असते, पण डायनिंग टेबलाची काच सतत दाब आणि वजन घेण्यासाठी केलेली नसते. खाली सलग लाकडी आधार असेल तरच ती वापरावी. सनमाइकाचे टेबल दुर्लक्षित आहे, पण उत्तम आहे. सपाट, सलग आणि मोठे. तो दगडासारखा थंड नसतो, एवढीच त्याची उणीव. पत्रा उचकटलेला किंवा सुरीचे चरे पडलेले नसावेत.

पोळपाट का नको?

नेहमीचा पोळपाट नऊ-दहा इंचांचा असतो. १८ इंचांच्या पोळीला तो पुरणारच नाही. आकार बाजूला ठेवला तरी लाकूड पाणी आणि तेल शोषते, त्याच्या रेषा फॉन्डन्टवर उमटतात आणि हळद-मसाल्याचा वास त्यात मुरलेला असतो. पांढऱ्या फॉन्डन्टवर पिवळसर छटा येते, ती बरेचदा इथून. फुले, पाने, अक्षरे अशा छोट्या सजावटीसाठी गुळगुळीत, वेगळा ठेवलेला संगमरवरी पोळपाट मात्र उपयोगी पडतो.

लाटण्यालाही हाच नियम. पोळ्यांचे लाकडी लाटणे मधे फुगीर असते, त्यामुळे पोळी कडेला जाड राहते. फॉन्डन्टसाठी सरळ, लांब आणि गुळगुळीत लाटणे हवे. दोन्ही टोकांना जाडीच्या कड्या असलेले मिळाले तर पोळी एकसारखी होते.

सिलिकॉन मॅटचा फायदा किती, धोका काय?

मॅटचा खरा फायदा न चिकटण्यापेक्षा उचलण्यात आहे. पोळी मॅटसकट उचलून केकवर उलटी करता येते आणि मग मॅट अलगद सोलून काढता येते. नवशिक्यांच्या हातून पोळी फाटते ती बहुतेक वेळा उचलताना. बऱ्याच मॅटवर इंचांची वर्तुळे छापलेली असतात, त्यामुळे मोजायचीही गरज पडत नाही. छपाईची बाजू मात्र खाली ठेवावी. पातळ मॅट सुरकुतते आणि सुरकुतीची रेघ फॉन्डन्टवर येते, म्हणून ती गुंडाळून ठेवावी, घडी घालू नये.

धोका एकच, पण गंभीर. काही बेकिंग मॅटच्या आत काचेच्या तंतूंची जाळी असते. अशा मॅटवर सुरी किंवा पिझ्झा कटर चालवला तर सिलिकॉन चिरून तंतू बाहेर येतात आणि अन्नात मिसळू शकतात. कुठल्याही मॅटवर फॉन्डन्ट कापू नये. चिरलेली मॅट फेकून द्यावी.

याहून स्वस्त उपाय मराठी घरांना ठाऊक आहे. पापड लाटताना किंवा मोदकाची पारी थापताना जसा प्लास्टिकचा कागद घेतात, तसे खाद्यपदार्थांसाठीच्या जाड प्लास्टिकचे दोन मोठे कागद घेऊन त्यांच्यामध्ये फॉन्डन्ट लाटता येतो. वरून पीठ भुरभुरावे लागत नाही आणि हवेशी संपर्कही कमी येतो. त्यामुळे पावसाळ्यात ही पद्धत विशेष उपयोगी आहे. किराणा मालाच्या पिशव्या कापून मात्र वापरू नयेत.

वर काय भुरभुरावे?

पावसाळ्यात कॉर्नफ्लोअर सरस. ते ओलावा धरते आणि गोडही नसते. पिठीसाखर फॉन्डन्टच्या जातीचीच, त्यामुळे दमट हवेत ती स्वतःच चिकट होते. कॉर्नफ्लोअर मुठीने टाकू नये. मलमलच्या कापडाची पुरचुंडी बांधून ती ओट्यावर हलकेच आपटावी. जास्त झाले की फॉन्डन्ट कोरडा पडतो आणि भेगा जातात. गडद लाल, काळ्या रंगावर पांढरे डाग राहतात. तिथे ओट्याला आणि हातांना व्हेजिटेबल शॉर्टनिंगचा अगदी पातळ हात लावणे बरे. कोरड्या हिवाळ्यातही शॉर्टनिंगच योग्य ठरते.

नियम काय सांगतात?

घरून केक विकणे हाही कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसाय आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील २०११ची परवाना व नोंदणीविषयक नियमावली घरगुती बेकरनाही लागू होते. नोंदणीनंतर १४ अंकी क्रमांक मिळतो. याच नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. अन्नाशी संपर्क येणारी भांडी आणि साधने स्वच्छ ठेवणे, हे त्यात येते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की मासळी साफ केली किंवा कोंबडी कापली त्या ओट्यावर नुसते फडके मारून फॉन्डन्ट लाटणे योग्य नाही. कोमट पाणी आणि साबणाने धुऊन, दोनदा साध्या पाण्याने पुसून, ओटा पूर्ण कोरडा करावा. फोडणीच्या वाफेने बसलेला तेलकट थरही तेव्हाच निघतो. पुसायला धागे सुटणारा नॅपकिन नको. पांढऱ्या फॉन्डन्टवर एक धागाही दिसतो.

ग्राहकाने ‘एगलेस’ मागितला म्हणजे केक शाकाहारी झाला, असेही नाही. फॉन्डन्टमध्ये किंवा मार्शमेलोमध्ये जिलेटीन असू शकते आणि ते प्राणिजन्य असते. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे पाहावे. जैन किंवा शाकाहारी ग्राहकांच्या ऑर्डरसाठी मॅट वेगळी ठेवली तर विश्वास टिकतो.

मग निवड कशी करावी?

सलग, सपाट ग्रॅनाइटचा ओटा असेल तर आणखी काही विकत घेण्याची गरज नाही. ओटा लहान किंवा सांध्याचा असेल, तर सनमाइकाचे टेबल आणि त्यावर मोठी सिलिकॉन मॅट हा कमी खर्चाचा मार्ग. महिन्यातून एखादाच फॉन्डन्ट केक होत असेल, तर दोन प्लास्टिक कागद पुरतात. रोजच्या ऑर्डरी असतील तरच जाड पत्र्याच्या स्टील टेबलाचा खर्च निघतो. टेबल कमरेच्या उंचीचे असावे. वाकून पाऊण किलो फॉन्डन्ट लाटणे पाठीला आणि मनगटाला महागात पडते.

कशावरही लाटले, तरी आधी लिंबाएवढ्या गोळ्याची चाचणी घ्यावी. गोळा लाटून एक मिनिट तसाच ठेवावा आणि उचलावा. तो स्वच्छ सुटला आणि खालची बाजू कोरडी असली, तर मोठी पोळी घ्यायला हरकत नाही. चिकटला, तर ओटा पुन्हा कोरडा करावा, एसीला आणखी दहा मिनिटे द्यावीत आणि मगच पाऊण किलोचा गोळा पिशवीतून बाहेर काढावा.