सेनासाहेबसुभा पहिला रघूजी भोसले

‘दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा दाखला पाहण्यासाठीं मांजरांच्या आणि माकडाच्या गोष्टीपर्यंत जावयास नको. भंडारा जिल्ह्याच्या इतिहासांत तो ढळढळीत उभा आहे. ज्या पुरुषानें हा लाभ मिळविला, त्या पहिल्या रघूजी भोसल्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अठराव्या शतकाच्या आरंभीं वैनगंगेच्या कांठचा हा मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या अंमलाखालीं होता. त्या घराण्यांतील बख्तबुलंदशहा हा मोठा कर्ता राजा. नागपूर नगराची स्थापना त्यानेंच केली. तुमसर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेला अंबागड किल्लाही त्याच्याच काळचा. त्याचा मुलगा चांदसुलतान यानें नागपूर ही राजधानी केली. परंतु चांदसुलतान वारला आणि बख्तबुलंदाचा दासीपुत्र वलीशहा यानें गादी बळकाविली. चांदसुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिच्या पदरीं बुऱ्हाणशहा व अकबरशहा असे दोन मुलगे होते. मुलांचा हक्क राखावा तर जवळ बळ नाहीं, अशा स्थितींत तिनें वऱ्हाडांत असलेल्या रघूजीकडे साहाय्य मागितलें.

हा रघूजी कोण? साताऱ्याकडील देऊर गांवच्या भोसल्यांच्या घराण्यांत बिंबाजीच्या पोटीं तो जन्मला. तरुणपणीं तो आपला चुलता कान्होजी याच्याजवळ राहिला, पण तेथें त्याचें जमेना. पुढें कांहीं काळ तो याच देवगडच्या चांदसुलतानाच्या चाकरींत होता. अखेर तो साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेला. शिकारींतील त्याचें धाडस पाहून महाराज प्रसन्न झाले आणि त्यांनीं आपल्या राणीच्या शिर्के घराण्यांतील मुलगी त्यास दिली. कान्होजीनें आज्ञाभंग केला तेव्हां त्याच्यावर रघूजीचीच नेमणूक झाली. वणीजवळ मंदर येथें चुलत्यास पकडून त्यानें साताऱ्यास पाठविलें, आणि ‘सेनासाहेबसुभा’ हें चुलत्याचें पद त्याच्याकडे आलें. म्हणजे घरांतील कलहाचा उपयोग कसा करावा याचा धडा रघूजीनें प्रथम आपल्याच घरीं गिरविला होता.

राणीचा निरोप येतांच रघूजी निघाला. वैनगंगेच्या कांठचें पवनी हें प्राचीन नगर, खंदक आणि तट यांनीं वेढलेलें, त्यानें हस्तगत केलें. पुढें वलीशहाचा पाडाव करून त्यानें राणीचे दोन्ही मुलगे गादीवर बसविले. राणीनें त्यास आपला तिसरा पुत्र मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, अशी परंपरा सांगते. बक्षीस घेऊन रघूजी वऱ्हाडांत परतला. येथपर्यंत त्याला दोष देण्यासारखें कांहींच घडलें नाहीं.

परंतु दोघे भाऊ एकत्र नांदले नाहींत. इ. स. १७४३ च्या सुमारास त्यांच्यांत यादवी पेटली आणि थोरल्या बुऱ्हाणशहानें पुन्हा रघूजीस बोलाविलें. या वेळीं आलेला पाहुणा परत गेला नाहीं. अकबरशहा परागंदा झाला. बुऱ्हाणशहाकडे ‘राजा’ हा किताब आणि नेमणूक तेवढी उरली. आणि देवगडचें राज्य, भंडाऱ्याच्या मुलुखासह, नागपूरकर भोसल्यांचें झालें.

असें केवळ आपल्याकडेच घडलें असें नव्हे. इटलींतील मिलान संस्थानांत लुदोविको स्फोर्झा नांवाचा चुलता पुतण्याच्या नांवावर राज्य चालवीत होता. पुतण्याचा कैवार नेपल्सचा राजा घेईल या भयानें त्यानें फ्रान्सचा तरुण राजा आठवा चार्ल्स यास निमंत्रण दिलें. इ. स. १४९४ मध्यें चार्ल्स आल्प्स ओलांडून उतरला आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत नेपल्समध्यें शिरला. मग घाबरून लुदोविकोच त्याच्या शत्रूंस मिळाला. चार्ल्सला परतावें लागलें, तरी फ्रेंचांनीं वाट पाहून ठेविली होती. त्याच्या मागून आलेल्या बाराव्या लुईनें इ. स. १४९९ मध्यें मिलानच घेतलें, आणि लुदोविको फ्रान्सच्या कैदेंत मरण पावला.

रघूजीची गांठ फ्रेंचांशींही पडली होती. मे १७४० मध्यें कर्नाटकच्या स्वारींत दामलचेरीच्या घाटांत नबाब दोस्तअली मारला गेला. त्याच्या कुटुंबानें पाँडिचेरीस आश्रय घेतला. तीं माणसें स्वाधीन करा, असा रघूजीचा तगादा फ्रेंच गव्हर्नर द्यूमा यानें साफ नाकारला. तथापि मार्च १७४१ मध्यें त्रिचनापल्ली पडली, आणि चंदासाहेब कैदी होऊन साताऱ्यास गेला.

यानंतर वंगदेशावरील स्वाऱ्या. इ. स. १७४२ मध्यें रघूजीचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालांत उतरला. नबाब अलीवर्दीखानानें ३१ मार्च १७४४ रोजीं त्यास मानकऱ्याच्या छावणींत भेटीस बोलावून सरदारांसह दग्यानें मारिलें. रघूजीनें हा सूड पुढें सात वर्षें चालविला. शेवटीं इ. स. १७५१ च्या तहानें सालीना बारा लक्ष रुपये चौथाई आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांना मिळाला. विजय मोठा खरा; परंतु त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासास शोभत नाहीं. भोसल्यांच्या स्वारांनीं बंगालची खेडीं जाळिलीं व लुटलीं. ‘बारगीर’ या आपल्या शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो तेथील अंगाईगीतांत शिरला, आणि बंगाली माता अद्याप त्या नांवानें मुलांना निजवितात. कलकत्त्याच्या इंग्रजांनीं भयानें जो खंदक खणावयास घेतला, त्यास ‘मराठा खंदक’ हेंच नांव पडलें.

फेब्रुवारी १७५५ मध्यें रघूजी वारला. मागें जानोजी, मुधोजी, बिंबाजी व साबाजी असे चार मुलगे. जानोजी वयानें वडील, परंतु धाकट्या राणीचा. मुधोजी थोरल्या राणीचा. वाद पेशव्यांपुढें गेला. जानोजीस सेनासाहेबसुभा आणि मुधोजीस ‘सेनाधुरंधर’ हें पद व चांद्याचा प्रांत असा निवाडा झाला. इ. स. १७७२ मध्यें जानोजी निपुत्रिक वारला आणि मुधोजी व साबाजी एकमेकांवर उठले. २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरजवळ पांचगांवच्या लढाईंत साबाजी विजयाच्या ऐन क्षणीं हत्तीवरून पुढें आला असतां मुधोजीनें त्यास गोळी घातली. ज्या घराण्यानें गोंड भावांच्या कलहांतून राज्य मिळविलें, त्याच घराण्यांत भावाच्या हातून भाऊ पडला. पुढें इ. स. १८०३ मध्यें देवगांवच्या तहानें ओरिसा इंग्रजांकडे गेला, १८१७ मध्यें सीताबर्डीच्या लढाईनें स्वातंत्र्य गेलें, आणि डिसेंबर १८५३ मध्यें तिसरा रघूजी निपुत्रिक वारतांच डलहौसीनें राज्यच खालसा केलें.

रघूजीचें शौर्य, चिकाटी आणि संधि ओळखण्याची तीक्ष्ण दृष्टि यांविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. नर्मदेपासून गोदावरीपर्यंत आणि वऱ्हाडापासून समुद्रापर्यंत त्याचा दरारा होता. परंतु राज्य मिळविण्याची विद्या त्यानें मुलांस दिली, तें भावाभावांनीं मिळून भोगण्याची मात्र दिली नाहीं; आणि ती दुसऱ्यास देण्याइतकी त्याच्याजवळही नव्हती, हें कान्होजीच्या बेडीवरून दिसतें.

एका चुलीवर जेवणाऱ्या आपल्या घरांना राज्य नसेल. पण वाडा असतो, शेत असतें, वडिलांनीं मिळविलेलें नांव असतें. वांटणीचा प्रश्न निघाला म्हणजे बाहेरचा बलवान् मध्यस्थ आणण्याची घाई होते, आणि पहिल्या वेळीं तो न्यायानेंही वागतो. बुऱ्हाणशहाचा घात पहिल्या वेळीं झाला नाहीं. दुसऱ्या वेळीं झाला. पवनीचा तट पाहावयास जाणाऱ्या वाचकांनीं ही गोष्ट बरोबर नेलेल्या मुलांस अवश्य सांगावी.