मोटारीच्या आसनांच्या खोळी घरीं बदलणें

गादीची खोळ मळली तर आपण ती काढून दुसरी घालतों. मोटारीचें आसन हीहि एक गादीच, असें समजून पुष्कळ घरीं सुटींत त्याची खोळ बदलण्याचें काम हातीं घेतलें जातें. काम उपयुक्त आहे. परंतु आसन हें अपघाताच्या प्रसंगीं जीव राखणारें साधनहि आहे, हें विसरून चालत नाहीं. म्हणून या कामांत काय करावें व काय करूं नये, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

प्रथम कापडाविषयीं. नागपुरांत ता. २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा उन्हांत बंद मोटार बाहेरच्या हवेहूनहि अधिक तापते. रेग्झीन पुसण्यास सोपें खरें, पण त्यांतून हवा खेळत नाहीं व पाठ घामानें भिजते. सुती कापड घाम शोषून घेतें, मात्र लवकर मळतें व विटतें. ज्या शहरांत जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू केली, तेथील लोकांस सुताचे गुण निराळे सांगावयास नकोत. बसण्याचा भाग जाड सुती व कडा रेग्झीनच्या, अशी जोड सोयीची पडते.

आतां मुख्य गोष्ट. अलीकडील कित्येक मोटारींत आसनाच्या पाठीच्या बाहेरील कडेंत एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवी, घडी घालून ठेवलेली असते. बाजूनें धडक बसतांच ती पातें लवण्यापूर्वीं फुगते आणि मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण फाडून बाहेर येते. त्या जागीं पक्का दोरा घातला किंवा वरून घट्ट खोळ चढविली, तर पिशवी अडते अथवा भलत्या दिशेस वळते. आसनाच्या कडेस एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे काय, हें पाहावें. मोटारीबरोबर आलेली पुस्तिकाहि वाचावी. तशी पिशवी असेल किंवा आसनाखालीं तारा जोडलेल्या असतील, तर मूळ खोळ घरीं काढूं नये; तें काम जाणत्या कारागिरासच द्यावें.

ज्या जुन्या आसनांत असें कांहीं नाहीं, त्यांचें काम घरीं करतां येतें. वडील माणसानें बोल्ट सैल करून आसन बाहेर काढावें. खालच्या बाजूस खोळ तारेच्या लहान कड्यांनीं अडकविलेली असते; प्रत्येक कडीची जागा लिहून ठेवावी व मग पक्कडीनें ती सोडवावी. निघालेली खोळ फेंकूं नये. ती उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूनें आंकडा व वरची दिशा लिहावी. हेच तुकडे नव्या कापडाचा नमुना होत. कापतांना शिवणीपुरतें कापड कडेस सोडावें आणि दोरा नायलॉनचा घ्यावा, कारण साधा सुती दोरा उन्हानें व घर्षणानें लवकर कुजतो. रेग्झीनची खोळ घटकाभर उन्हांत ठेवली कीं मऊ पडते. मग ती मध्यापासून कडांकडे ओढीत चढवावी, म्हणजे सुरकुत्या राहत नाहींत.

आसन परत बसविल्यावर बोल्ट पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें आंवळावे व ते एकदां यांत्रिकाकडून तपासून घ्यावे. सैल आसन धडकेंत बसणारासह पुढें फेंकलें जाऊं शकतें. शेवटीं प्रत्येक पट्टा ओढून, कुलपांत अडकवून व सोडवून पाहावा. पुष्कळदां नव्या खोळीखालीं मागील आसनाचीं कुलपें दडपलीं जातात, आणि तेथें तर बहुधा मुलेंच बसतात. पालकांस आमची विनंती आहे कीं, खोळीचा रंग पाहण्यापूर्वीं तीं कुलपें हाताला लागतात कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.