ठाकूरद्वार ते ताडोबा गाडीने: निघण्यापूर्वी तब्येतीची तयारी कशी करावी?

एप्रिल-मे जवळ आला की ठाकूरद्वारच्या आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, समृद्धीने ताडोबाला चाललोय. सगळे मिळून आठ जण, मोठी गाडी केली आहे. आईला नेलं तर चालेल ना?" आई सत्तरीच्या, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू, गुडघे दुखतात. गाडी चालवणार मुलगा, तोही ऑफिसमधून आल्यावर रात्रीच निघायच्या विचारात.

याचं उत्तर बहुतेक वेळा "चालेल, पण" असंच असतं. या लेखात त्या "पण"बद्दल सविस्तर पाहू.

प्रवास नेमका किती आहे?

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. ते चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत सलग झाला आहे. गिरगावातून आमणेपर्यंत पोहोचणं आणि महामार्ग सोडल्यावर ताडोबाच्या प्रवेशद्वारापर्यंत जाणं धरलं, तर एका बाजूचा प्रवास साडेआठशे-नऊशे किलोमीटरचा होतो. थांबे धरून १२ ते १४ तास.

रस्ता चांगला झाल्यामुळे लोक हे अंतर एका दमात कापायला बघतात. गाडीला ते जमतं, शरीराला जमेलच असं नाही.

सर्वात मोठा धोका: चालवणाऱ्याची झोप

वाघ, साप आणि उन्हाची भीती सगळ्यांनाच वाटते. पण या सहलीत जिवाला सर्वात जास्त धोका असतो तो रस्त्यावर. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. कोणत्याही अपघातामागे अनेक कारणं असू शकतात. पण रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत मेंदूची सावधता सर्वात कमी असते, हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही ती थोडी घसरते.

सलग १७-१८ तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या मंद होतात. आपल्याकडे गाडी चालवताना दारूची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून रात्री अकराला गाडी काढणारा माणूस दारूचा थेंबही न घेता ती मर्यादा ओलांडल्यासारखाच असतो.

समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर आणखी एक अडचण येते. चौक नाहीत, सिग्नल नाहीत, वळणं कमी. डोळे उघडे असूनही काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती चालवणाऱ्याला कळतही नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर अंतर कुणाच्याही ताब्यात नसलेली गाडी.

म्हणून:

- रात्री निघू नका. आदल्या रात्री सात-आठ तास झोपून पहाटे साडेपाच-सहाला निघा.
- चालवणारे दोघे असू द्या. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबा.
- झोप येऊ लागली तर काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा उपयोग फार वेळ टिकत नाही. सुरक्षित जागी गाडी थांबवून कॉफी घ्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू होईपर्यंत तुम्ही उठलेले असाल.
- सर्दी-खोकल्याच्या, ॲलर्जीच्या आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.
- मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. लहान मुलाला मांडीवर नाही, त्याच्या वयाच्या खास आसनात बसवावं.

मुक्काम कुठे करावा?

प्रवासाचे दोन दिवस करा. लोणार साधारण मध्यावर पडतं, सरोवरही पाहून होतं. पण घरात हृदयरुग्ण किंवा वयस्कर मंडळी असतील तर छत्रपती संभाजीनगरला थांबणं मी सुचवतो. तिथे 'घाटी' हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयंही भरपूर आहेत. दुसऱ्या दिवशीचं अंतर वाढतं, पण रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर मदत जवळ असते. पुढच्या वाटेवर वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि शेवटी चंद्रपूर व नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, ही नावं लिहून ठेवा.

हल्ली कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, भाड्याने मिळते. वयस्कर लोकांना तिचा फायदा होतो. मात्र दोन गोष्टी पाळा. गाडी चालू असताना पलंगावर आडवं होऊ नका, पट्टा लावून बसा. आणि इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून एसीत झोपू नका, आत गॅसची शेगडी पेटवून दारंही लावू नका. यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावू शकतो.

तासन्‌तास बसल्याने पायात गुठळी

चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केला की पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली हे स्पष्ट केलं. विमानाइतकंच ते मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. निरोगी माणसात मुळात हा धोका अगदी कमी असल्याने दुप्पट झाला तरी घाबरायचं कारण नाही. काळजी घ्यायची ती यांनी: पूर्वी गुठळी झालेले, नुकतं ऑपरेशन किंवा प्लास्टर झालेले, कर्करोगाचे रुग्ण, खूप वजन असलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया.

सहलीच्या तारखांत पाळी येऊ नये म्हणून अनेक जणी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतात. काही स्त्रियांमध्ये या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. लांबचा प्रवास असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

उपाय साधे आहेत. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पाणी प्या. ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. प्रवासात किंवा परतल्यावर काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असेल तर

- ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन, जेवण समोर आल्यावरच घ्या. "पुढे अर्ध्या तासावर हॉटेल आहे" या भरवशावर नाही. समृद्धीवर सुविधा वाढत असल्या तरी जुन्या हमरस्त्यासारखी दर दहा मिनिटांनी हॉटेलं नाहीत.
- घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं झालं तर साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायची सोय नसेल तर साखर आधी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडातून काहीही देऊ नका.
- मधुमेही व्यक्ती स्वतः गाडी चालवणार असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल, तर निघताना आणि दर दोन तासांनी साखर बघा. ९०च्या खाली असेल तर आधी खा, मग चालवा. साखर ७०च्या खाली गेली असेल तर ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास चाक हातात घेऊ नका.
- मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तापमान पन्नास अंशांच्या पुढे जातं. इन्सुलिन गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट लागू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. साखर तपासायचं यंत्र आणि पट्ट्याही उन्हापासून जपा.
- डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर आपल्या डॉक्टरांना फोन करा. ती गोळी बहुधा काही दिवस थांबवावी लागते.

लघवी लागेल म्हणून पाणी न पिणं

ही सवय आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये फार आहे आणि तिला कारणही आहे. स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते. पण पाणी तोडल्याने लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर आणि उन्हाचा त्रास वाढतो. म्हणून थांबे आधीच ठरवा आणि ते स्त्रियांच्या व वयस्कर मंडळींच्या सोयीने ठरवा. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी प्रवासापुरती बंद करायचा निर्णय स्वतः घेऊ नका. घ्यायची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

चंद्रपूरचा उन्हाळा

मुंबईचा घाम वेगळा आणि विदर्भाचं ऊन वेगळं. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवं नाही. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती कमी झालं हे कळत नाही. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यावर दिसतात म्हणून गर्दी मे महिन्यात होते. पण सत्तरीच्या आईंना न्यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडा. पावसाळ्यात मुख्य क्षेत्र बंद असतं.

उन्हाळ्यातच जायचं असेल तर पहाटेची सफारी घ्या. डोक्याला सुती पंचा, सैल कपडे आणि सोबत ओआरएस ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. अंग तापलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग रुग्णालय गाठा. अंग थंड करणं वाटेतही चालू ठेवा.

उघड्या जिप्सीतली सफारी

सफारी साडेतीन-चार तासांची असते. धूळ उडते, गाडी खड्ड्यांतून आदळते. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात ठेवावा आणि मास्क लावावा. मणक्याचा त्रास किंवा हाडं ठिसूळ असलेल्यांनी मागच्या टोकाची जागा टाळावी, तिथे हादरे जास्त बसतात. गरोदर स्त्रियांनी आणि नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी जिप्सीत बसू नये.

माकड किंवा कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालयात जा.

पिशवीत काय असावं?

- नेहमीची औषधं, दोन-चार दिवसांची जास्तीची. डिकीतल्या बॅगेत नाही, हाताशी.
- प्रत्येकासाठी एक कागद: नाव, आजार, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचा फोन. हृदयरुग्णांचा जुना ईसीजी.
- पॅरासिटामॉल, ओआरएस, मलमपट्टी, डासांपासून बचावाचं मलम.
- खाण्यासाठी दशम्या, केळी, चणे-फुटाणे, चिक्की. उघड्यावरची ओली चटणी आणि कापून ठेवलेली फळं टाळा.
- रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक. रस्ते अपघातातील जखमींना २०२५च्या केंद्रीय योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात, हेही लक्षात असू द्या.

मग आईंना न्यायचं का?

साखर आणि रक्तदाब आटोक्यात आहेत, जिना चढताना छातीत दुखत नाही, गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा मोठं ऑपरेशन झालेलं नाही, तर दोन दिवसांचा प्रवास करून जरूर न्या. निघण्यापूर्वी दोन आठवडे तपासणी करा, म्हणजे औषधात बदल करायला वेळ मिळतो.

प्रवास झेपेल की नाही अशी शंका असेल तर मधला मार्ग आहे. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने त्यांना कुणाबरोबर तरी नागपूरला पाठवा. खालचा बर्थ, शौचालय जवळ, पाय मोकळे करायला जागा. बाकीची मंडळी गाडीने जाऊन त्यांना नागपूर स्टेशनवर घेतील. सहल एकत्रच होते.

परतल्यावर

चंद्रपूर-गडचिरोली भागात हिवताप आढळतो, विदर्भात स्क्रब टायफसचेही रुग्ण सापडले आहेत. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर तो साधा समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना "आम्ही ताडोबाला जाऊन आलो" हे पहिल्याच वाक्यात सांगा. काही प्रकारचा हिवताप महिन्यांनंतरही उद्भवतो, म्हणून पुढच्या काही महिन्यांत ताप आला तरी हा प्रवास सांगायला विसरू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं सुरू करणं, बंद करणं किंवा त्यांची मात्रा बदलणं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.*