कुत्र्यांच्या आहारातील कच्ची हाडे

कुत्र्यांच्या आहारातील कच्ची हाडे म्हणजे कुत्र्यांना खाण्यासाठी वा चघळण्यासाठी दिली जाणारी, मांस व कूर्चा लगडलेली, न शिजवलेली प्राण्यांची हाडे होत. त्यांतून कॅल्शियम व फॉस्फरस मिळतात, तसेच चघळण्यामुळे दातांवरील कीटण कमी होते. मात्र चुकीच्या हाडामुळे दात तुटणे, अन्नमार्गात अडथळा येणे आणि जंतुसंसर्ग होणे असे धोके संभवतात. कोणतेही हाड सर्वस्वी निर्धोक नसले, तरी योग्य निवडीने धोका बराच कमी होतो.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके अवर्षणप्रवण असून तेथे मेंढपाळीची परंपरा जुनी आहे. जत तालुक्यातील माडग्याळ हे गाव त्याच नावाच्या मेंढीच्या जातीसाठी प्रसिद्ध आहे. कळपाची राखण करणारी कुत्री, तसेच पूर्वी शिकारीसाठी बाळगली जाणारी सडपातळ कारवानी कुत्री या भागात आढळतात. भाकरी, दूध व उरलेसुरले अन्न हा त्यांचा नेहमीचा आहार होय. हाडे त्यांना दोन वाटांनी मिळतात : खाटकाच्या दुकानातून कच्ची, तर घरच्या ताटातून किंवा जत्रेच्या जेवणावळीतून शिजलेली.

शिजलेल्या हाडांचा धोका

हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा, तर उरलेला मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा असतो. कोलॅजनमुळे हाडाला लवचिकता येते. शिजवताना त्याचे जिलेटिनमध्ये रूपांतर होऊन ते रश्श्यात उतरते आणि हाड ठिसूळ बनते. असे हाड चावल्यास त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात व त्या घसा, अन्ननलिका किंवा आतड्यात रुततात. शिवाय रश्श्यातील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. त्यामुळे उष्टी हाडे कुत्र्यांपुढे टाकण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत कच्ची हाडे देण्यापेक्षा अधिक घातक ठरते.

हाडांची निवड

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. दुकानांत प्रामुख्याने शेळी-मेंढी व कोंबडीची हाडे उपलब्ध असतात.

• कोंबडी : ब्रॉयलर कोंबडी साधारणतः सहा आठवड्यांच्या आत कापली जात असल्याने तिची हाडे कोवळी असतात. मान, पाठ व पंख हे भाग लहान व मध्यम कुत्र्यांना चालतात. वय झालेल्या गावरान कोंबडीच्या तंगडीचे हाड मात्र कडक असते व त्याच्या कपच्या निघू शकतात.
• शेळी-मेंढी : कोवळ्या जनावराची मान, छातीचे कूर्चायुक्त हाड आणि मांसल बरगड्या अधिक योग्य होत.
• टाळावयाची हाडे : म्हाताऱ्या मेंढीची जड पायाची हाडे व म्हशीची नळी अतिशय कठीण असतात. ती फोडताना वरच्या जबड्यातील चौथ्या उपदाढेचा तुकडा उडण्याची शक्यता असते.

आकार हाही निवडीचा महत्त्वाचा निकष आहे. हाड एका घासात गिळता येऊ नये. ते कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठे असावे. सत्तुराने आडवे तोडलेल्या हाडांना धारदार कडा येतात, म्हणून खाटकाकडून हाडे सांध्यात सुटी करून घेणे श्रेयस्कर. नळीचे कड्यासारखे तुकडे खालच्या जबड्यात अडकून बसतात, त्यामुळे ते देऊ नयेत.

देण्याची पद्धत

हाड ताजे असावे. प्रथमच देताना थोडा वेळ व देखरेखीखाली द्यावे आणि उरलेला लहान तुकडा काढून घ्यावा. हाडांचे प्रमाण अधिक झाल्यास विष्ठा पांढरी व खडूसारखी होऊन बद्धकोष्ठता होते. पिल्ले, दात झिजलेली म्हातारी कुत्री, अधाशीपणे गिळणारी कुत्री आणि पोटाचे विकार असलेली कुत्री यांना हाडे देण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

संसर्ग व हायडेटिड रोग

कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर इत्यादी जिवाणू असू शकतात. गोठवल्याने अनेक परजीवी मरतात, परंतु हे जिवाणू टिकून राहतात. म्हणून भांडी, फरशी व हात साबणाने धुणे आणि लहान मुलांना अशा हाडांपासून दूर ठेवणे गरजेचे असते.

मेंढपाळीच्या प्रदेशात एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीचा धोका विशेष असतो. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात व फुप्फुसांत त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. असे अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ल्यास त्याच्या आतड्यात कृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती दूषित हात, पाणी किंवा भाजीपाल्यातून माणसाच्या पोटात गेल्यास त्याच्या यकृतात वा फुप्फुसांत वर्षानुवर्षे वाढणारी गाठ होते. तिच्यावर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्रा मात्र वरकरणी निरोगी दिसतो. त्यामुळे हाडांसोबत कच्चे यकृत किंवा फुप्फुस कधीही देऊ नये, गाठी असलेले अवयव जाळावेत अथवा खोल पुरावेत आणि कुत्र्यांना नियमित जंतनाशक द्यावे. या पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध परिणामकारक आहे.

धोक्याची लक्षणे

वारंवार लाळ गळणे, ओकारी येणे, तोंडावर पंजा मारणे, पोट फुगणे, कुंथूनही शौचास न होणे आणि विष्ठेत रक्त दिसणे ही लक्षणे अडथळ्याची वा जखमेची असू शकतात. अशा वेळी घरी ओकारी करवल्यास अणकुचीदार तुकडा अन्ननलिकेला पुन्हा इजा करू शकतो. म्हणून कुत्र्यास तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मतभेद

ऑस्ट्रेलियन पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये प्रकाशित केलेल्या 'गिव्ह युवर डॉग अ बोन' या पुस्तकामुळे कच्च्या हाडांच्या आहाराचा पुरस्कार जगभर वाढला. याउलट अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ मध्ये, जंतुसंसर्गाच्या कारणास्तव, कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली. शिजवलेली हाडे देऊ नयेत, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत दुमत नाही.